नक्कलनवीस

सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर, टोप्यांच्या दुकानाच्या माथ्यावर
अ‍ॅग्नेस टॉमझॅक बेचाळीस वर्षं
दुसऱ्यांचे सूर उतरवत बसली.
व्हायोलिनचं पान वेगळं, ट्रॉम्बोनचं वेगळं,
पडदा उद्या, आणि शाई अजून ओली.

हॅल्पर्न गेला, त्याच्या चौथ्या महिन्यात
दोन वकील तिचा जिना चढले
एक पिवळं पान घेऊन. सही नाही, तारीख नाही.
‘त्याचंच ना हे?’

तिने पाहिलं. सगळं जिथल्या तिथे:
डाव्या हाताचा लंगडा वॉल्ट्झ,
ध्रुपदाच्या तोंडाशी तो चढा मध्यम,
दाराच्या फटीत बोट सापडल्यासारखा,
आणि शेवटून दुसऱ्या ओळीत गप्प झालेला वाद्यवृंद,
ज्यावर टीकाकारांनी रकाने भरले
आणि नव्या पोरांनी तीन वर्षांत हुबेहूब उचलला.

मग ती पुटपुटत शब्द वाचू लागली.
सर्वांत उंच सूर बोटाने शोधला.
तो ‘प्रेमा’वर होता.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘हे त्याचं नव्हे.’

हॅल्पर्न तो सूर प्रेमाला कधी देत नसे.
देवाला नाही, न्यूयॉर्कला तर नाहीच.
‘पण’ला द्यायचा. ‘अजून’ला.
एकदा तर ‘किल्ली’ला:
दुसऱ्या अंकात बाई नवऱ्याला सांगते,
किल्ली कुंडीखाली ठेवलीय,
आणि त्या किल्लीवर आवाज छताला लागायचा.
निर्माता ओरडला, लोक हसतील!
नाही हसले.
बाल्कनीत कुणीतरी नाक शिंकरलं, एवढंच.

रात्री अकराला यायचा, खाऱ्या माशाचा वास घेऊन,
तिच्या टेबलापासून खिडकीपर्यंत
फुटक्या गळ्याने गात चालायचा.
नटीला दारापासून पलंगापर्यंत नऊ पावलं;
दहावं पडलं की एक ठोका खोडायचा,
खोडरबराने कागदाला भोक पडेपर्यंत.
त्या भोकांवर तिने कितीदा
मागून चिकटपट्टी लावली.

‘हे कोर्टात कसं सांगणार, बाई?’

तिने खांदे उडवले. टाक पुसला.
वकील जिना उतरले; त्यातला धाकटा
तीच चाल गुणगुणत होता. चाल वाईट नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती तिच्याही ओठांवर चढली,
सूपचं भांडं विसळताना, दिवा लावताना,
आणि दर वेळी तो उंच सूर
ती एक शब्द पुढे ढकलत होती.
लक्षात आलं तेव्हा चिडली. पोलिश भाषेत.
मग पुन्हा पहिल्यापासून.