बेबी ऑफ जनी भोये

रजिस्टरात तिचं नाव नाही, आईचं आहे.
बेबी ऑफ जनी भोये. मुलगी. सोळाशे चाळीस ग्रॅम.
गाव बोरपाडा, तालुका सुरगाणा.
समासात माझ्याच अक्षरात, लाल शाईनं : धोका.

तिला दोन वयं आहेत.
एक, ती आली त्या दिवसापासूनचं.
दुसरं, ती यायला हवी होती त्या दिवसापासूनचं.
सात आठवड्यांचा फरक.
मान धरली का, हे दुसऱ्या वयाला विचारायचं,
लस मात्र पहिल्या वयाला टोचायची.
नव्या पोरींना हे शिकवताना
कुणीतरी विचारतंच : मॅडम, मग वाढदिवस कुठला?

घरी सोडल्यावर आशाताई चौदाव्या दिवशी गेली, एकविसाव्या दिवशी गेली,
लुगड्याच्या झोळीत घालून ताणकाट्याला टांगली :
एकोणीसशे.
बेचाळिसाव्या दिवशी दाराला नुसती कडी.
शेजारीण म्हणाली, गेली द्राक्षाला.

द्राक्षाला म्हणजे कुठे?
दिंडोरी, निफाड, पिंपळगाव,
बागांमागून बागा, आणि प्रत्येक बागेच्या टोकाला
निळ्या कागदाची झोपडी.

नोंदीतला नंबर दिराचा. तो सुरतेला.
त्यानं मुकादमाचा दिला, घाईत,
लिहून घेतल्यावर मोजले तर आकडे नऊच.
संगणकावर तोवर तिची ओळ
पिवळी झाली, लाल झाली, मग आपोआप राखाडी.
राखाडी ओळीला कुणी जाब विचारत नाही.

जेवणाच्या सुट्टीत दहावा आकडा शून्यापासून लावत गेले.
शून्य : बंद.
दोन : एक बाई रागावली.
चार : सिन्नरचे कुणी आजोबा, त्यांना बोलायचंच होतं,
मुलगा फोन करत नाही म्हणाले. ऐकलं थोडं.
सात : मागे ट्रॅक्टर, शिट्टी, "कोण जनी? हां, खालच्या प्लॉटात.
थिनिंग चाललंय. बारके मणी कात्रीनं पाडायचे,
तेव्हा राहिलेले फुगतात."
मी विचारलं नव्हतं.

जनी धापा टाकत आली.
मान धरते?
"धरते. पण उजवीकडंच बघते."
डाव्या कानाशी काहीतरी वाजव, तिला दिसू देऊ नको.
डब्यावर कात्री. टक्. टक्.
मी इथे सिव्हिलच्या पंख्याखाली श्वास धरून.
पुन्हा टक्.
"हसली," म्हणाली.
वळली का?
"हसली पण."

गुरुवारी घेऊन ये.
"रोज बुडंल."
बुडू दे, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.
एसटीचं भाडं मिळतं म्हटलं, दुपारपर्यंत सोडीन म्हटलं,
दोन्ही खरं असावं.

नाव ठेवलं का?
"नाही अजून. तुमच्याकडं काय लिहिलंय?"
तुझंच.
जरा वेळ नुसता ट्रॅक्टर.

ओळ अजून राखाडीच आहे, ती मला बदलता येत नाही,
त्याला वरून परवानगी लागते.
नंबराच्या शेवटी सात लिहिला,
दोनदा गिरवला.