वीसपर्यंत

हिल्लरने पहिल्या दिवशी मला काहीच शिकवलं नाही.
फक्त तांब्याची एक जाड, वेणी घातलेली पट्टी दाखवली,
टाकीच्या पायापासून भिंतीतल्या खुंटीपर्यंत गेलेली.
म्हणाला, रोज हिचा नट पिळून बघ.
मग कोट काढ.

बाहेर तोरावेरेचा फेब्रुवारी,
बर्चची झाडं खडूनं ओढलेली,
सूर्य आठ वाजून गेल्यावर येतो
तोही कुणी फार आग्रह केल्यासारखा.
आत टाकी, आणि टाकीच्या पोटात दुर्बिणीचा आरसा,
जुना मुलामा धुऊन काढलेला.
उघडी काच. आंधळी.

नवा मुलामा हवेत चढत नाही.
आधी हवा उपसायची.
आणि उपसली की नाही, हे विचारायचं कुणाला?
पोकळीला तोंड नसतं.

म्हणून दोन गेज, आणि एक करडा कंट्रोलर
हिरव्या आकड्यांचा.
पहिल्या गेजमध्ये एक तापलेली तार.
हवेचे रेणू येता-जाता तिची ऊब चोरतात;
चोरी जितकी कमी, तितकी टाकी रिकामी.
दुसरं गेज मानी. त्याला गर्दी खपत नाही.
आकडा मिलिबारच्या हजाराव्या भागाखाली उतरेपर्यंत
त्याचा फिलामेंट लावायचा नाही.
लावलास तर जळेल, हिल्लर म्हणाला,
साडेचारशे युरो, आणि वर माझं तोंड.

केबलचं मात्र त्यानं दोनदा सांगितलं.
चालू गेजची केबल ओढायची नाही, कधीच नाही.
त्या बारीक पिनांमागे
माणसाला पुरून उरतील इतके व्होल्ट बसलेत.
आधी बटण. मग प्लग. मग मोज, मग हात लाव.
कितीपर्यंत मोजू?
वीस, तो म्हणाला.

मी वीसपर्यंत मोजलं.
तो दाराशी उभा, चहा निवतोय, भुवया वर.
मग कळलं,
युक्स, काक्स, कोल्म, नेली, वीस:
यांच्या भाषेत वीस म्हणजे पाच.
तो इतका हसला की त्याला खोकला आला.
मी माझं वीस सोडलं नाही.

मार्चमध्ये उकूनं टाकी उघडायला घेतली.
नायट्रोजनचं नळकांडं संपलेलं, शेजारी आर्गॉन होता,
गॅस तो गॅस, त्यानं आर्गॉन सोडला
आणि आकड्याकडे बघत बसला, हजाराची वाट बघत.
आकडा चाळिसापाशी घुटमळत राहिला.
त्यानं झडप अजून थोडी उघडली.
अजून थोडी.
मी बघायच्या काचेपुढे उभी, आरसा कसा झालाय ते न्याहाळत.

दाराचं रबर सुस्कारलं.
हिल्लरनं ते दुसऱ्या खोलीतून ऐकलं, कसं कोण जाणे.
साठीचा माणूस, लाकडी चपला घालून धावत आला,
एका हातानं मला काचेपुढून ओढलं
आणि दुसऱ्यानं झडप बंद केली.

काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत
एक केस उमटला होता.

गेज खोटं बोलतंय, उकू पुटपुटला. ओठ पांढरे.
नाही, हिल्लर म्हणाला,
त्याला नायट्रोजनची भाषा शिकवलीय.
तू त्याला आर्गॉनमध्ये प्रश्न विचारलास.
आर्गॉन ऊब कमी चोरतो, पोरा.
ते म्हणालं चाळीस,
तेव्हा टाकीत हजाराहून जास्त होतं.

मग तो खाली बसला, चपला काढल्या,
आणि बराच वेळ तळपाय चोळत राहिला.

त्या संध्याकाळी त्यानं कंट्रोलरवर चिकटपट्टी लावली:
फक्त नायट्रोजन.
टाकीला आपोआप उघडणारी झडप बसवायचा अर्ज लिहिला,
तिसऱ्यांदा. या वेळी तडकलेली काच सोबत जोडली.

आता हिल्लर सारेमा बेटावर असतो, मधमाश्या पाळतो.
उकूला अंगठ्याएवढी दाढी आलीय
आणि नवी मुलं त्याला सर म्हणतात.
काल गेज बदलायचं होतं.
बटण. प्लग.
तो पाचावर थांबला, हात पुढे केला,
मग माझ्या ओठांकडे पाहिलं.
मी अकरावर होते.

त्यानं हात खिशात घातला.