ताबा परत

टिडवर्थ, घर क्रमांक चौदा.
लिटिया दारातच उभी,
हातात किल्ल्यांचा जुडगा, कडेवर पेंगणारं पोर.
व्हिलिसोनीची पलटण पंधरवड्यापूर्वीच सायप्रसला गेली.

मी यादी घेऊन फिरते.
ओव्हन लख्ख.
न्हाणीघरातली बुरशी आमचीच;
तिच्या तीन तक्रारी, आमचं उत्तर एकही नाही.
गालिच्यावर इस्त्रीचा डाग. बावीस पौंड.
ती मान हलवते,
बाहेर भुरभुर सुरू झाली म्हटल्यावर हलवावी तशी.

बैठकीच्या भिंतीपाशी मात्र
पुदिन्याचा वास.
खिळ्याचं भोक टूथपेस्टने बुजवलंय.
त्यांच्या बेटावरचं सालीचं कापड होतं इथे,
काळ्या-तांबड्या नक्षीचं,
मागच्या पाहणीत बघितलेलं.

अकरा वर्षांत हे भोक
सहाव्यांदा बघतेय मी.
प्रत्येक बाई खिळा इथेच ठोकते,
दारातून आत येणाऱ्याची नजर
पहिल्यांदा पडते तिथे.

बोट टेकवते. अजून ओलं आहे.
लिहिते: भिंत ठीक.

सही करताना लिटिया विचारते,
नवीन कोण?
सोमवारी येतायत, मी म्हणते,
नेपाळकडचे, दोन मुली आहेत.

ती खिसा चाचपते,
आणि खिडकीच्या कट्ट्यावर
जरासा वाकलेला एक खिळा
ठेवून निघते.