चौथा ओ देत नाही

आचाओच्या धक्क्यावरचा भरती-ओहोटीचा फलक
मंगळवारपासून कोरा.
म्हणून कास्त्रोहून मला धाडलंय :
एक बस, एक फेरीबोट, मग चिखल तुडवत उतार.
पिशवीत केबल, पेनड्राइव्ह
आणि आईने कोंबलेले दोन मिल्काओ,
बटाट्याचे, अजून कोमट.

नोल्बेर्ता कार्यालय उघडते, चुलीत लाकूड सारते.
एकुलत्या खुर्चीत मांजर.
कॉम्प्युटर टेबलाखाली, सरपणाला टेकून.
मी गुडघ्यांवर बसते.

पडद्यामागे चालणारी छोटीशी सेवा आहे ती,
नाव मारेआ.
चालू असते तेव्हा तिचं नावही कुणाला माहीत नसतं.

मी म्हणते, सुरू हो.
ती म्हणते, होते आहे.
होते आहे.
सुरू होऊ शकले नाही. कोड एक.

कोड एक म्हणजे काहीही असू शकतं,
म्हणजे ताकास तूर लागू द्यायचं नाही.

बंद करून चालू करते, जे माझ्याआधी
नोल्बेर्ताने केलंय, तिच्या भाच्याने केलंय,
पावाच्या दुकानातल्या इसमानेही येऊन केलंय.
परवानग्या बघते. आहेत.
पोर्ट बघते. मोकळं आहे.
पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर आहे,
त्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही.

मग, जे सगळ्यात आधी बघायचं ते बघते :
डिस्कवर शिल्लक जागा, शून्य.

उठल्या उठल्या तिचं पहिलं काम
वहीत लिहायचं, *मी आले.*
तेवढं लिहायला जागा नाही,
म्हणून ती येत नाही.

वही उघडत नाही, इतकी फुगलीय.
शेपटीकडून थोडी ओढून बघते :

चौथा ओ देत नाही.
चौथा ओ देत नाही.
चौथा ओ देत नाही.

दर सेकंदाला एक ओळ.
नऊ कोटींच्या वर ओळी, आणि प्रत्येकीला
तारीख, तास, मिनिट, सेकंद, नीट, न कंटाळता.
डोक्याकडून बघते.
तीन वर्षांपूर्वीचा जून, एकोणीस, पहाटे तीन बारा.

"एकोणीस जून?" मी विचारते.
नोल्बेर्ता किटली खाली ठेवते.
"ते वादळ. ल्यिंग्वाचा खांब गेला त्या रात्री,
मापयंत्रासकट.
एलीसेओच्या दोन होड्या गेल्या.
आम्ही सगळ्यांना कळवलं होतं गं,
नगरपालिकेला, आरमाराला, पाद्रीबाबांनासुद्धा."

हिला कुणी कळवलं नाही.

वही रिकामी करायला अर्धा सेकंद लागतो.
त्याआधी मी पहिलं पान पेनड्राइव्हवर उतरवून घेते.
का, ते अहवालात लिहिणार नाही.
मग यादीतल्या चौथ्याच्या आधी
एक छोटं जाळीचं चिन्ह टाकते.
ओळ तिथेच राहते. वाचली मात्र जात नाही.

सुरू हो.
होते आहे.
चालू आहे.

नव्या वहीत : मी आले.
पहिला, ओ. दुसरा, ओ. तिसरा, ओ.
मी थोडा वेळ बघत राहते.
पुढची ओळ पुन्हा पहिल्याचीच.

खिडकीबाहेर फलकावर दोन पॉइंट आठ चार.
एलीसेओ खालून जातो,
न थांबता तिकडे एक नजर टाकतो,
थुंकतो,
दोर सोडायला लागतो.

"काय बिघडलं होतं?" नोल्बेर्ता विचारते.
"जागा नव्हती."

ती घाईघाईने खुर्चीवरून मांजर उठवते.