शेऱ्याची जागा

आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत होती.
त्याची शिंक मला ऐकू यायची, माझा कॅल्क्युलेटर त्याला.
दळणवळण काय ते एवढंच.

ओड्वार जाळी विकायचा, दोर विकायचा, गळ विकायचा
लोफोटेनच्या बेटाबेटांवर, बोगदे आणि फेरीबोटी पालथ्या घालत.
मी स्वोल्वेरला, गोदामावरच्या मजल्यावर,
त्यानं विकलेल्याचे पैसे कधी येणार ते मोजायची.
त्याला कमिशन माल गेल्या दिवशी,
मला झोप पैसे आल्या दिवशी.
मधले नव्वद दिवस कोणाचेच नव्हते.

जानेवारी. उजेड जेमतेम तीन तास.
हाल्व्हार्डची ऑर्डर आली: चार हजार गळ, नवा दोर.
सत्तर दिवस थकलेला माणूस.
मी लाल शिक्का मारला, माल थांबला.

ओड्वार दार न ठोठावता आत आला.
"कॉड दाराशी येऊन ठेपलाय,
आणि तू त्याच्या हातातला दोर काढून घेतेस?"
"दोर अजून आपला आहे.
पैसे दिले की त्याचा."
"तुला माणसं कळत नाहीत."
"आणि तुला तारखा."
दार आपटलं. प्लायवूड बराच वेळ थरथरत राहिलं.

खाली सिग्नबाईंनी, म्हणजे मालकिणीनं, सगळं ऐकलं होतं.
दुसऱ्या दिवशी आम्हाला एकाच व्हॅनमध्ये कोंबलं:
"भांडण रस्त्यात करा. डिझेल माझं."

पहिले चाळीस किलोमीटर फक्त वायपर बोलला.
दोन्ही बाजूंना मासे वाळवायचे मांडव, अजून रिकामे,
नुसत्या काठ्या, रकाने आखून ठेवल्यासारख्या.
मग ओड्वारला राहवेना. बोट दाखवत सुटला:
याचा मुलगा तेलाच्या फलाटावर गेला,
हा हातात पैसे असले की आधी बोट रंगवतो,
ही बाई नवरा गेल्यावर स्वतः समुद्रात जाते.
त्या पिवळ्या घराला मी आजवर
'बत्तीस दिवस' या नावानंच ओळखत होते.

बोलता बोलता म्हणाला,
हाल्व्हार्डनं शरदात गिऱ्हाईक बदललं,
खाडीपलीकडच्या नव्या ठाण्यावर मासे घालतो,
किलोमागे दोन क्रोन जास्त.

मी म्हटलं, गाडी थांबव.

त्या ठाण्याचं खातंही माझ्याचकडे.
क्रेट, दोर, ताडपत्री नेली त्यांनी.
ऑगस्टपासून एक क्रोन नाही आला.

"हे मला सांगितलं का नाहीस?"
"तू विचारलंस कधी?"
एवढं बोलून मी गप्प झाले, कारण
मीही त्याला कधी विचारलं नव्हतं
हाल्व्हार्ड मासे कोणाला घालतो ते.
तो पैसे थकवत नव्हता, त्याचेच थकले होते.
दोघांच्या खिशात अर्धी अर्धी चिठ्ठी,
आणि सहा महिने आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो होतो.

धक्क्यावर हाल्व्हार्डनं ऐकून घेतलं.
हातमोजे काढले, पुन्हा घातले.
"मला वाटलं, मीच एकटा मूर्ख," म्हणाला.
शरदातले मासे गेले ते गेलेच.
आम्ही दोन हजार गळ दिले, चार नाही;
मासे जुन्या गिऱ्हाइकाला, पैसे परस्पर आम्हाला.
व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवला.
पेन गोठलं होतं, पेन्सिलीनं सह्या झाल्या.

आमच्या खातेवहीत शेवटचा रकाना 'शेरा',
अकरा वर्षं कोरा होता.
आता ओड्वार फेरीवरून फोन करतो,
वाऱ्यात ओरडून सांगतो: अमक्याचं इंजिन खोकतंय,
तमक्यानं बोट रंगवली. मी लिहून घेते.
कधी तरीही नाही म्हणते.
तो शिवी देतो, पण फोन ठेवत नाही.
मार्चमध्ये एक खातं बुडालं ते बुडालंच,
त्याच्यापुढे दोघांचीही आद्याक्षरं आहेत.

भिंत कोणी पाडली नाही. खर्च कोण करणार?
काल तो पलीकडे शिंकला,
तर मी इकडून विचारलं,
"ही कुठल्या बेटावरून आणलीस?"