पिशवी क्रमांक सत्तेचाळीस

ऑक्टोबरात मका कापून झाला
की मी गुडघ्यांवर येते.
नायलॉनच्या जाळीच्या नव्वद पिशव्या,
प्रत्येकीत वीस ग्रॅम धाटं, पानं, थोडी मुळं,
दहा सेंटीमीटर खोल.
वर नारिंगी झेंडी.
एल्डन हाव्लाट ट्रॅक्टरवरून ओरडतो,
"आज किती जणांना माती दिलीस?"
नव्वद, मी सांगते.
तो टोपी काढतो, खोटी खोटी.

ह्या मक्याच्या पेशीपेशीत एक प्रथिन आहे.
मूळचं एका जिवाणूचं,
आपण त्याचं गाव बदललं.
अळी पान कुरतडते आणि आतून फाटत जाते.
सगळी करामत त्याच्या घडीत:
अशी वळली, तशी मुडपली, म्हणून किल्ली.
घडी मोडली की नुसतं नत्र, बुरशीचा घास.

पहिल्या आठवड्यात निम्मं गेलं.
जिवाणू, बुरशी, नखाहून लहान किडे,
सगळी पंगत बसली होती.
मग सेलाइन काउंटीत थंडी उतरली,
फावडं जमिनीवर वाजायला लागलं
आणि पंगत तशीच, घास हातात धरून, गोठली.
जानेवारीचा आकडा डिसेंबरचाच.

मे महिन्यात सत्तेचाळीस नंबर काढली.
हलकी. आत पानांच्या शिरा तेवढ्या.
तबकडीतल्या खाचांमध्ये अर्क सोडला,
निळा रंग यायला हवा होता, आला नाही.
एल्डनला फोन केला.
"संपलं?"
आढळलं नाही, मी म्हणाले.
"तेच ना."

तेच नाही, एल्डन.
बिग ब्लू नदीकडचा तुझा तो खालचा तुकडा,
ओला झाला की बुटासकट पाय मागणारा,
तिथल्या चिकणमातीचे पापुद्रे
प्रथिनाला असे कवटाळून बसतात
की जिवाणूचा दात पोचत नाही.
माझं रसायनही पोचत नाही.
मी सोडवू शकते तेवढंच मोजते.

म्हणून अळ्यांना विचारलं.
चाळीस कप, चाळीस अळ्या,
खाद्यात चिमूटभर माती.
टेकाडावरच्या मातीतल्या टम्म झाल्या.
खालच्या तुकड्यातल्याही जगल्या, एकूण एक,
पण सातव्या दिवशी
जिऱ्याएवढ्या.

सुंभ जळालेला मी पाहिला आहे.
पिळाचं वजन माझ्या तराजूत येत नाही.

कंपनीच्या कागदावर एकच चौकोन:
अर्धायुष्य, दिवसांत.
मी बावीस लिहिलं. खोटं नाही ते.
मग पेन्सिलीनं, समासात,
कुठल्या मातीत?
आणि पुसलं नाही.

संध्याकाळी एल्डन अहवालाची प्रत न्यायला आला.
पायरीच्या लोखंडी पट्टीवर
बूट खरवडत राहिला, बराच वेळ.
"निघत नाही गं," म्हणाला,
आणि मोज्यांवरच आत आला.