अंजिराचं पान

तक्त्यावरच्या मुलाला कमरेखाली
काही काढलेलंच नव्हतं.
पांढरा कागद, मग एकदम गुडघे.
चौथी ब, शुक्रवार, शेवटचा तास.
उजगरे बाई दारातच म्हणाल्या होत्या,
"जपून हं. पाळकसाहेबांची नात आहे वर्गात."

सकाळी क्वार्टर गेटच्या गाडीवरून
सासवडच्या अंजिरांखालचं एक पान मागून घेतलं.
फळवाल्यानं विचारलंही नाही, कशाला.
ते बाकांवरून फिरलं.
"त्या दोघांनी हेच शिवलं होतं ना, बाई?"
"हेच."
अनुग्रह भांबळनं गालाला घासून बघितलं.
"खरखरीत आहे. खाज सुटली असेल त्यांना!"

वर्ग हसला. मीही.
तेवढ्यात खडू उचलला
आणि कागद कोरा होता तिथले शब्द लिहिले,
कोपर, टाच लिहिते त्याच अक्षरात.
दुसऱ्या शब्दाला ओळ जरा कलली.

माझी आई त्या जागेला
जन्मभर "तिथे" म्हणाली.
गाठ आली तेव्हा डॉक्टरलाही "तिथे",
तेही पुढच्या नाताळानंतर.

घंटा झाली. दप्तरं पळाली.
सलोमी एकटी हसली नव्हती मघाशी.
वहीत शब्द उतरवत होती, सावकाश,
प्रत्येक वेलांटी तपासत.
पान तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवलं,
उलटं, शिरा वर.
"बाई, हे शब्द वापरून
कोणाला काही सांगायचं असेल तर?"

फाटकाबाहेर तिच्या रिक्षावाल्या काकांचा हॉर्न.
एकदा. पुन्हा.
मी खांद्यावरची पर्स काढून
खुर्चीला अडकवली.